सीईटीचं गणित: हिशेब फीचा आणि चुकांचा

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात फोन सुरू होतात. आपला नंबर त्यांना कुठून मिळाला, हे विचारून उपयोग नसतो. पलीकडचा आवाज अगदी घरच्यासारखा बोलतो. "मॅडम, मुलीचं सीईटीचं काय ठरवलंत? रविवारपर्यंत सीट बुक केली तर वीस टक्के सवलत आहे." कराडला राहणाऱ्या माझ्या बहिणीला २०२३च्या जूनमध्ये असे अकरा फोन आले. तिनं सगळ्यांची गुळगुळीत माहितीपत्रकं एका पिशवीत गोळा केली आणि पुढच्या भेटीत ती पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. "दादा, तू ग्राहकांसाठी लिहितोस ना? मग सांग, पैसे कुठं भरू? आणि भरू का?"

हा लेख त्या पिशवीतून निघाला. भाचीनं २०२५ साली परीक्षा दिली. मधल्या दोन वर्षांत झालेला खर्च आम्ही वहीत मांडून ठेवला होता. लेखातले आमच्या खर्चाचे आकडे त्या वहीतले, म्हणजे एका घरातले आहेत. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, पण हिशेबाची रीत बदलायचं कारण नाही.

काय विकत घ्यायचंय, ते आधी ओळखा

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची. त्यातले १०० गुण एकट्या गणिताचे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न, एकेक गुणाचे. गणिताचेही प्रश्न ५०च, पण प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे गणितातला एक प्रश्न गेला की फिजिक्सचे दोन गेल्यासारखं. शिवाय गुणवत्ता यादीत दोघांचं पर्सेंटाइल सारखं आलं, तर आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात.

वेळ ९० मिनिटं. पन्नास प्रश्नांनी भागलं तर प्रश्नाला १०८ सेकंद येतात. परीक्षा संगणकावर असते. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची. ती संपली की तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं. मागं फिरता येत नाही. दीड तास डोकं चालवून झाल्यावर पोरं गणिताला बसतात, हे लक्षात ठेवा. तयारीचे पैसे कुठं घालायचे, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

आणखी तीन गोष्टी खर्चाशी थेट जोडलेल्या आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असतात, त्यांत बारावीचा वाटा साधारण ८० टक्के आणि अकरावीचा २० टक्के. काठिण्यपातळी मात्र जेईई मेनच्या तोडीची ठेवलेली. आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतून घेता येतो, गणिताचा मात्र फक्त इंग्रजीतून. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला गणित येत असतं, पण "ॲट मोस्ट" आणि "ॲट लीस्ट" यांतला फरक घाईत निसटतो आणि संभाव्यतेचं आख्खं उदाहरण उलटं होतं. यावर उपाय म्हणजे वीस रुपयांची वही. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला आपला. कुठल्याही माहितीपत्रकात हा उपाय छापलेला नव्हता.

फुकटात आणि स्वस्तात काय मिळतं

बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. तरी गणिताची छापील प्रतच घ्या. पडद्यावर वाचून गणित सुटत नाही, आणि अकरावी-बारावीचे मिळून चार भाग काही शे रुपयांतच येतात. अकरावीचं सगळं पुस्तक सीईटीला नसतं. त्रिकोणमितीचा दुसरा भाग, सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, फले, सीमा अशी नेमकी प्रकरणं ही परीक्षा घेणाऱ्या राज्य सीईटी कक्षानं यादीत दिलेली असतात. ती यादी दरवर्षी संकेतस्थळावरून घ्यायची, दुकानदाराकडून नाही.

शिकवण्याचे व्हिडिओ आज मुबलक आणि फुकट आहेत. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं आयआयटी कानपूरच्या साथीनं 'साथी' नावाचा मोफत मंच २०२३ साली सुरू केला. तो मुख्यतः जेईई-नीटसाठी असला, तरी कलनशास्त्र आणि सदिश दोन्हीकडं सारखेच. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची 'महाज्योती' संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते. सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही मिळतो. अर्ज दहावीनंतर करायचा असतो आणि मुदत हुकली की वर्ष गेलं. इतर प्रवर्गांसाठी बार्टी, सारथी, टीआरटीआय या संस्थांच्या त्या-त्या वर्षीच्या जाहिराती बघून घ्याव्यात. क्लासचा फोन उचलण्याआधी हे बघायला तासभर द्या. त्या तासाचा मोबदला लाखात असू शकतो.

म्हणजे धडा समजावून सांगणं ही आज महाग वस्तू राहिलेली नाही. तुमच्या मुलाच्या कागदावर बोट ठेवून "इथं चुकलास" म्हणणारं माणूस मात्र महाग आहे. क्लासचं माहितीपत्रक वाचताना पहिल्या वस्तूचे पैसे किती आणि दुसरीचे किती, एवढंच शोधायचं.

फी विचारू नका, तासाचा भाव काढा

पिशवीतल्या एका माहितीपत्रकात दोन वर्षांच्या 'इंटिग्रेटेड' कोर्सची फी १,२०,००० रुपये होती. इंटिग्रेटेड म्हणजे ज्युनियर कॉलेज आणि क्लास यांचं साटंलोटं: नाव कॉलेजात, हजेरी क्लासमध्ये. फीच्या खाली बारीक अक्षरात 'कर वेगळा' असं होतं. कोचिंगवर जीएसटी १८ टक्के. म्हणजे २१,६०० रुपये वर, एकूण १,४१,६००. फोनवर सांगतात तो आकडा बहुधा कराआधीचा असतो. घरगुती शिकवणी घेणाऱ्या सरांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्यांना जीएसटीची नोंदणी लागत नाही आणि तुम्हाला कर द्यावा लागत नाही. नोंदणी नसताना पावतीवर कर लावलेला दिसला तर जीएसटी क्रमांक मागा.

आता गणिताचा वाटा काढू. विषय तीन, म्हणून एक तृतीयांश धरला तर ४७,२०० रुपये. त्या क्लासची काउन्सेलर म्हणाली, गणिताचे आठवड्याला तीन तास. सुट्ट्या, बोर्डाच्या परीक्षा, सण वगळून दोन वर्षांत ७० आठवडे धरले तर २१० तास. भाव पडला तासाला सव्वादोनशे रुपये. ऐकायला स्वस्त वाटतो. मग मी विचारलं, बॅचमध्ये मुलं किती? ऐंशी. शंका विचारायची सोय? 'डाउट काउंटर' आहे, संध्याकाळी सहा ते सात, तिन्ही विषयांना मिळून.

साठ मिनिटं आणि ऐंशी मुलं. प्रत्येकाला पाऊण मिनिट, तेही तीन विषयांत वाटून. म्हणजे ४७ हजारांतला बहुतेक पैसा समजावून सांगण्याचा होता, आणि ते फुकट मिळतं हे आपण वर पाहिलं. बोट ठेवणाऱ्या माणसासाठी त्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. भाची रोज कॉलेजात जात होती. तिथले गणिताचे सर चांगले होते. हा नशिबाचा भाग, मान्य. तिच्यासारख्या आणखी तिघी जमवल्या आणि गावातल्या एका निवृत्त शिक्षकांना विनंती केली: शिकवू नका, फक्त चुका बघा. आठवड्यातून एकदा, दीड तास. ते ८०० रुपये घेत, म्हणजे मुलीमागं २००. चाळीस बैठका झाल्या, ८,००० रुपये. पहिल्या दोन बैठकांत सर सवयीनं फळ्याकडं वळले. तिसऱ्या वेळी पोरींनी खडूच लपवून ठेवला.

बोट नेमकं कुठं ठेवायचं

बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, सीईटीत फक्त उत्तराला. ऐकून सगळ्यांनाच पटतं, पण हाताला लागलेली सवय सुटत नाही. भाचीच्या पहिल्या मॉकमध्ये निश्चित संकलनाचा एक प्रश्न होता. मर्यादा २ ते ५, अंशात एक्सचं वर्गमूळ. छेदात एक्सचं वर्गमूळ अधिक 'सात वजा एक्स'चं वर्गमूळ. तिनं बोर्डाच्या पद्धतीनं सगळं लिहिलं: समजा आय बरोबर हे संकलन, गुणधर्म वापरला, समीकरण एक, समीकरण दोन, बेरीज, टू आय. उत्तर दीड, अगदी बरोबर. वेळ गेला चार मिनिटं.

सरांनी विचारलं, "दोन आणि पाच किती?" सात. "छेदात काय दिसतंय?" सात वजा एक्स. "मग लिहायचं कशाला? मर्यादांमधलं अंतर तीन, त्याचं निम्मं दीड. पुढचा प्रश्न." अंशातलं फल आणि त्याचं उलटं रूप छेदात बेरजेनं बसलेलं दिसलं की उत्तर अंतराच्या निम्मं. पंधरा सेकंद पुरतात. हा गुणधर्म पाठ्यपुस्तकात आहे, भाचीला पाठही होता. आपण चार मिनिटं कुठं घालवली, एवढंच तिला दिसत नव्हतं. आठ हजार रुपये आम्ही त्याचे दिले.

त्या पहिल्या मॉकचा निकाल वहीत आहे: ५०पैकी २१ बरोबर, १७ चूक, १२ सोडलेले. सतरा चुकांची फोड केली तर पाच प्रश्न येतच नव्हते, चार वाचण्यात फसले, आणि आठ येत असून चुकले: चिन्ह बदललं, दोननं भागायचं राहिलं, पर्याय 'ब' ठरवून 'क'वर क्लिक झालं. म्हणजे सतरातले बारा, चोवीस गुणांचे, नवीन काही न शिकता सुधारण्यासारखे होते. आणि सोडलेल्या बाराचं काय? गुण कापत नाहीत, पर्याय चार आहेत. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सरासरीनं तीन लागले असते, सहा गुण. कोरा प्रश्न सोडणं हा या परीक्षेतला सर्वांत महागडा प्रामाणिकपणा आहे.

त्यानंतर भाचीनं चुकांची वही घातली, तीन रकान्यांची: 'येत नव्हतं', 'येत होतं, वेळ खाल्ला', 'येत होतं, चुकलं'. पहिल्या रकान्यासाठी पुस्तक, दुसऱ्यासाठी सर, तिसऱ्यासाठी पुन्हा तोच पेपर. पुढचा प्रत्येक खर्च करताना आम्ही एकच विचारायचो: याचा उपयोग कुठल्या रकान्याला? उत्तर आलं नाही, तर खर्च रद्द.

टेस्ट सिरीज: किती चाचण्या, त्याहून कशा

ऑनलाइन टेस्ट सिरीज काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात. '१०० चाचण्या' या आकड्याला भुलू नका. दर रविवारी एक दिली तरी सहा महिन्यांत पंचवीसच होतात, आणि प्रत्येकीच्या चुका तपासायला चाचणीइतकाच वेळ लागतो. वीस-पंचवीस पूर्ण पेपर पुरे. घेण्याआधी तीन गोष्टी बघा. पेपर पूर्ण तीन तासांचा, आधी फिजिक्स-केमिस्ट्री मग गणित, याच क्रमानं आहे का. सुटा गणिताचा पेपर ताज्या डोक्यानं दिला तर गुण फसवे येतात. उत्तरांसोबत पूर्ण सोडवणूक आहे का. आणि प्रश्नागणिक किती सेकंद गेले ते दिसतं का. तिसरी सोय नसेल तर मधल्या रकान्याला काहीच मिळत नाही.

प्रश्नसंच एकच घ्या. आम्ही दुसरा घेतला नाही, पण घ्यायचा मोह दिवाळीत झाला होता. पहिल्यातली संकलनाची निम्मी पानं तेव्हा कोरी होती. वहीनं वाचवलं.

न दिसणारे खर्च

परीक्षेचा अर्ज: भाचीच्या वेळी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गांना ८०० होते. पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गट द्यायचे तर फी दोनदा. २०२६पासून ही परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि मेमध्ये घ्यायचं राज्यानं ठरवलं. पहिली सक्तीची, दुसरी ऐच्छिक. दोन्ही दिल्या तर चांगले गुण धरायचे. तेव्हा वहीत दुसऱ्या फीचा आणि दुसऱ्या प्रवासाचाही रकाना ठेवा.

प्रवास: केंद्र गावातच मिळेल असं नाही. आम्हाला कोल्हापूर मिळालं. सकाळच्या सत्राला हजेरी नऊच्या कितीतरी आधी लागते. पहाटेची एसटी, दोघांचा चहा-नाश्ता-जेवण, परतीचा रिक्षा-एसटी प्रवास असे १,४३० रुपये झाले. दुर्गम तालुक्यातल्या घराला एक मुक्काम आणि खासगी गाडी धरावी लागेल. इथं काटकसर करू नका. रात्रभर जागून आलेलं पोर गणितात नेमका तिसरा रकाना भरतं.

हरकत: उत्तरतालिका आल्यावर प्रश्न चुकला आहे असं वाटलं तर हरकत घेता येते, पण भाचीच्या वेळी प्रत्येक हरकतीला १,००० रुपये भरावे लागत. हा खर्च वायाच जातो असं समजू नका. २७ एप्रिल २०२५च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५०पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकल्याचं उघड झालं आणि २७ हजारांहून अधिक मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. पेपर काढणाऱ्यांचंही चुकतं. फक्त भरण्याआधी सरांकडून प्रश्न तपासून घ्या. हजार रुपयांचा राग परवडत नाही.

हप्ते: 'बिनव्याजी ईएमआय' म्हणून क्लास जो कागद पुढं करतो, तो बहुतेकदा वित्तकंपनीचं पालकाच्या नावावरचं कर्ज असतो. कंपनी क्लासला रक्कम आधीच देऊन मोकळी होते. मुलानं तिसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो. हप्ते हवेत तर थेट क्लासला, पुढच्या तारखांच्या धनादेशांनी.

आमच्या वहीतलं पान

पाठ्यपुस्तकं, चारही भाग: ५२० रुपये
प्रश्नसंच, एक: ६५० रुपये
वह्या आणि कच्च्या कामाचे कागद: ९०० रुपये
टेस्ट सिरीज: १,२०० रुपये
झेरॉक्स आणि प्रिंट: ४०० रुपये
चुका बघण्याच्या ४० बैठका: ८,००० रुपये
परीक्षेचा अर्ज: १,००० रुपये
कोल्हापूरचा प्रवास, दोघांचा: १,४३० रुपये
एकूण: १४,१०० रुपये

टेस्ट सिरीज, अर्ज आणि प्रवास हे खरं तर तिन्ही विषयांचे खर्च आहेत; मी ते गणिताच्याच डोक्यावर टाकलेत. तरीही निम्म्याहून जास्त पैसा एका माणसाच्या नजरेवर गेला आहे, आणि तसाच जायला हवा होता. त्याखाली बहिणीच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: 'सीट बुकिंग, १,५००, गेले.' त्याची गोष्ट पुढं येते.

पैसे भरण्याआधी हे लिहून घ्या

तोंडी आश्वासनाला पावती नसते, म्हणून पुढच्या प्रश्नांची उत्तरं ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागा.

कर धरून एकूण फी किती, आणि त्यात नोट्स व चाचण्या आल्या का? गणिताचे एकूण तास किती आणि बॅचमध्ये मुलं किती? गणित नेमकं कोण शिकवणार? डेमोला येणारे नावाजलेले सर वर्षभर दिसतीलच असं नाही. चाचणीनंतर मुलाचा कच्चा कागद कोण बघतं? यंत्र फक्त उत्तर बघतं, कागद बघत नाही. मध्येच सोडलं तर किती पैसे, किती दिवसांत परत? आणि इंटिग्रेटेड असेल तर कॉलेजची प्रात्यक्षिकं खरोखर होतात का? अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीत पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के लागतात. सीईटीच्या नादात बोर्ड सुटलं, तर पर्सेंटाइल कितीही येवो, कॅप राउंडच्या दारातच अडकायला होतं.

यशवंतांच्या फोटोंचे फलक बघून भुलू नका. फोटोतल्या मुलानं तिथं दोन वर्षांचा कोर्स केला, की फक्त शेवटची टेस्ट सिरीज घेतली? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. निकालाबाबत खोटे दावे करायचे नाहीत आणि यशस्वी विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याचं नाव-फोटो वापरायचा नाही, असं त्यात आहे. 'हमखास ९५ पर्सेंटाइल' असं कुणी म्हणालं तर तेच वाक्य लेटरहेडवर मागा. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या सत्रातल्या किती टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी आहेत, तो आकडा. तो इतरांच्या पेपरवर ठरतो, आणि इतरांच्या पेपरची हमी कुठलाही क्लास देऊ शकत नाही.

पैसे अडकले तर

आता ते दीड हजार. माझ्यासमोर पिशवी ओतण्याच्या दोन दिवस आधी बहिणीनं रविवारची सवलत जाऊ नये म्हणून एका क्लासमध्ये ५,००० रुपये 'सीट बुकिंग' म्हणून भरले होते. नाव सांगत नाही. सांगण्याजोगं वेगळं काही त्यात नाही. आठवड्यानं नको म्हटल्यावर पावतीच्या मागचा बारीक मजकूर दाखवण्यात आला: परत मिळणार नाही. एक तासही शिकवणी झालेली नव्हती. बहिणीनं आधी लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली. दीड महिन्यानं साडेतीन हजार परत आले. उरलेले 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली त्यांनी ठेवून घेतले. ही आमची शिकवणीची फी. आमची, भाचीची नव्हे.

आज तुमच्या हातात आमच्यापेक्षा बळकट कागद आहे. जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. पूर्ण फी भरून विद्यार्थ्यानं मध्येच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, कोर्स चालू असताना फी वाढवू नये, नोट्ससाठी वेगळे पैसे घेऊ नयेत आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. ही पन्नासहून अधिक मुलं असलेल्या केंद्रांसाठीची तत्त्वं आहेत, आणि अंमलबजावणी राज्यांकडं असल्यानं त्यांना कायद्याचा पूर्ण दम नाही. तरी अर्जात त्यांचा उल्लेख आला की पलीकडच्या माणसाची भाषा बदलते. तेवढ्यानंही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला तिथं शुल्क लागत नाही आणि वकील लावायची सक्ती नाही.

मग क्लास लावूच नये का?

लावावा, पण कशासाठी ते ठरवून. कॉलेजात गणिताला शिक्षकच नाही, अशी अनेक गावांत स्थिती आहे. तिथं शिकवण्याचेच पैसे द्यावे लागतात, इलाज नाही. जेईईही मनापासून द्यायची असेल तर तिथं चुकीला गुण कापतात, खोली वेगळी लागते. दोन वर्षांचा चांगला वर्ग उपयोगी पडतो. दहावीचं बीजगणितच कच्चं असेल तर सीईटीचा क्लास लावण्याआधी उन्हाळ्यात तेवढंच पक्कं करून घ्या. महिनाभराची साधी शिकवणी पुरते. वर्ष गॅप घेऊन पुन्हा देणाऱ्यानं मात्र पूर्ण कोर्सची फी पुन्हा भरू नये. त्याला धडे नकोत, चाचण्या आणि चुका बघणारा माणूस हवा. मार्चनंतरचा क्रॅश कोर्स हा बहुतेक वेळा चाचण्यांचा गठ्ठाच असतो. तुमच्याकडं टेस्ट सिरीज आधीच असेल तर तीच वस्तू दुसऱ्यांदा घेऊ नका.

आणि एक खर्च आजच करा: दाखल्यांचा. उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, जात पडताळणी, जे लागू असेल ते. त्याला लागतात थोडे पैसे आणि भरपूर दिवस. २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. दोन वर्षांची क्लासची फी वाचवून चार वर्षांची सवलत एका दाखल्यापायी घालवलेली घरं मी पाहिली आहेत.

पिशवीतली माहितीपत्रकं बहिणीनं टाकून दिली नाहीत. ज्यांची मागची बाजू कोरी होती, ती कच्च्या कामाला वापरली. गुळगुळीत कागदावर शाई फिसकटते अशी भाचीची तेवढी तक्रार होती. परीक्षा झाल्यावर शेजारच्या मुलानं प्रश्नसंच मागून नेला, टेस्ट सिरीजची चौकशी केली आणि मग चुकांची वहीही मागितली. भाचीनं प्रश्नसंच देऊन टाकला. वही दाखवली आणि परत घेतली. म्हणाली, "ह्यातल्या चुका माझ्या आहेत, तुला नाही चालायच्या. तीन रेघा मार आणि स्वतःच्या कर."